धनुष्य घरी ठेवून चढायचा डोंगर

येऊरच्या फाटकातून धनुष्य आत नेता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदूक, सुरी, जाळं, सापळा यांच्या जोडीला धनुष्यबाणही आहे. त्याच कायद्याचं ३१ वं कलम परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला मनाई करतं आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू होतं. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. शंभरहून अधिक चौरस किलोमीटरचं हे जंगल, भोवती इमारतींचा वेढा आणि आत बिबट्यांचा वावर. तिथे कुणी बाण घेऊन फिरू नये हे बरोबरच आहे.

तरी मनाला चुटपुट लागते. फील्ड आर्चरीला जशी जमीन लागते, तशी उपवन तलाव मागे टाकून वर चढायला लागलं की पावलोपावली दिसते. एकीकडे चढ, दुसरीकडे ओढ्याचा उतार, मध्ये सागाची आडवी सावली आणि त्या सावलीमुळे फसणारं अंतर. परदेशात असा मार्ग आखायला क्लबांची माणसं महिनोन्‌महिने राबतात. ठाण्याच्या उशाशी तो आयता आहे आणि तिथे बाण सोडायचा नाही. कल्याण-डोंबिवलीकरांची गोष्ट आणखी अवघड. त्यांच्याकडे सपाट मैदानं आहेत, तीही क्रिकेटच्या ताब्यात.

या भागातल्या धनुर्धरांशी बोलताना, त्यांचा सराव बघताना माझं मत मात्र बनत गेलं की, जागा नाही म्हणून फील्ड आर्चरी होत नाही, हे अर्धंच खरं. या खेळाचा मोठा हिस्सा धनुष्य हातात नसताना तयार होतो. तो हिस्सा पायांत, पाठीत आणि श्वासात असतो. त्यासाठी लागणारं सगळं ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरलेलं आहे. आपण त्याकडे सराव म्हणून बघत नाही, एवढंच.

आधी खेळ नीट समजून घेऊ. टीव्हीवर दिसते ती टार्गेट आर्चरी. मैदान सपाट, रेघ आखलेली, रिकर्व्ह धनुष्य असेल तर निशाण ७० मीटरवर आणि कंपाऊंड असेल तर ५० मीटरवर. खेळाडू दिवसभर त्याच रेघेवर उभा राहतो. फील्ड आर्चरीत रेघेऐवजी खुंटी असते. रानातून एक वाट जाते, वाटेवर २४ निशाणं असतात आणि प्रत्येकावर तीन बाण मारायचे असतात. बारा निशाणांचं अंतर लिहिलेलं असतं, बाकी बारांचं नुसत्या नजरेने ओळखायचं. अंतर मोजणारं यंत्र चालत नाही. रिकर्व्ह आणि कंपाऊंडवाल्यांना निशाण १० मीटरवर मिळेल किंवा ६० मीटरवर, ओढ्यापलीकडे मिळेल किंवा टेकाडाच्या माथ्यावर. कागदाचा चेहरा २०, ४०, ६० किंवा ८० सेंटीमीटरचा असतो. मधल्या पिवळ्यात ६ आणि ५ गुण, बाहेरच्या काळ्यात ४ पासून १ पर्यंत. या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा १९६९ मध्ये अमेरिकेत व्हॅली फोर्जला झाली. ऑलिंपिकमध्ये तो नाही, पण वर्ल्ड गेम्समध्ये १९८५ पासून आहे.

मार्गाच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या ठिकाणांत १०० मीटरपेक्षा जास्त फरक नसावा, असा जागतिक संघटनेचा नियम आहे. १०० मीटर म्हणजे तीस-बत्तीस मजल्यांची उंची. ती एका दमात चढून मोकळं व्हायचं नसतं. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, असं चार-पाच तास चालतं. हातात धनुष्य, कमरेला बाणांचा भाता, गळ्यात दुर्बीण, पाठीवर पाणी. आणि प्रत्येक खुंटीवर पोचल्यावर तीन बाणांसाठी तीन मिनिटं.

आपल्याकडे धनुर्विद्या म्हटली की पोपटाचा डोळा आठवतो. लहानपणापासून ऐकलेल्या त्या गोष्टीने आपला एक समज करून दिला आहे की, हा खेळ मनाचा आहे आणि एकाग्रता असली की झालं. पालक मुलाला वर्गात घालतात ते बहुधा ‘लक्ष लागत नाही’ म्हणून. त्यात काही चूक नाही. पण विसाव्या निशाणावर, पोटऱ्यांत गोळे आलेले असताना, घाम भुवईवरून डोळ्यात उतरत असताना एकाग्रता कुठून आणायची? ती दमात असते. धाप आटोक्यात आली की नजर स्थिरावते.

थोडा हिशेब मांडतो. धनुष्याची खेच ४० पौंड धरली तर प्रत्येक बाणामागे सुमारे १८ किलो ओढायचे. ७२ बाणांचे झाले १,३०० किलो. मोठ्या स्पर्धेत न मोजलेल्या आणि मोजलेल्या अंतरांच्या दोन पूर्ण फेऱ्या असतात, म्हणजे १४४ बाण आणि अडीच टनांहून अधिक ओझं. मनाला पटलं नाही म्हणून न सोडता परत आणलेले बाण यात धरलेले नाहीत, आणि फील्डमध्ये असे बाण फार असतात. रिकर्व्हवाल्याला पूर्ण खेचल्यावर सगळा भार बोटांवर आणि पाठीवर पेलून स्थिर राहावं लागतं. कंपाऊंडमध्ये चाकांमुळे शेवटी भार बराच हलका होतो, पण मधला कडक टप्पा प्रत्येक वेळी पार करावा लागतोच. बाकी कुठल्या खेळात माणूस इतकं वजन इतक्या वेळा एकाच बाजूने ओढतो?

आता उतारावरचा एकच बाण जवळून बघू. निशाण खाली, ४५ मीटरवर, उतार ३० अंशांचा. गुरुत्वाकर्षण बाणाला खाली खेचतं ते ढोबळमानाने आडव्या अंतराच्या हिशेबाने, म्हणून नेम साधारण ३९ मीटरचा धरायचा. हे गणित पाठ करता येतं. शरीराचं काम त्याच्या पुढचं आहे. डावा पाय खाली, उजवा वर, दोन्ही घोटे वाकडे, बुटाखाली सुटे खडे. खेळाडू आधी धनुष्य सपाटीवर उभा असल्यासारखं आडवं खेचतो. दोन्ही हात आणि खांदे एका ओळीत आले की मग कमरेतून खाली झुकतो. वरचं अंग जसंच्या तसं राहिलं पाहिजे. नवखा माणूस कमरेतून झुकत नाही, फक्त पुढचा हात खाली करतो. खांद्यांची ओळ तिथेच मोडते, खेच कमी-जास्त होते आणि बाण भलतीकडे जातो. प्रशिक्षक ओरडून सांगतात, ‘‘कमरेतून वाक, कमरेतून!’’ पोराला ऐकू येत असतं, समजतही असतं. त्याच्या कुशीच्या स्नायूंना मात्र तेवढा वेळ तसं तिरपं उभं राहण्याची सवय नसते. ही सवय तीरंदाजीच्या मैदानावर लागत नाही. घरात, सतरंजीवर, एका कोपरावर आणि पावलाच्या कडेवर शरीर सरळ तोलून धरल्याने लागते. साइड प्लँक हा व्यायाम कंटाळवाणा आहे. फील्ड आर्चरीत त्याच्याइतकं मोल दुसऱ्या कशाला नाही, असं माझं मत झालं आहे.

पायांचंही तसंच. जोर-बैठकांची आपली जुनी परंपरा आहे आणि बैठका या खेळाला उत्तम. फक्त त्या दोन्ही पायांवर सारखा भार टाकतात, रानात तसं कधी होत नाही. म्हणून एका पायाचे व्यायाम हवेत. दगडी पायरीवर एक पाय ठेवून सावकाश वर चढायचं, तितक्याच सावकाश उतरायचं. एका पायावर उभं राहून पाठ सरळ ठेवत पुढे झुकायचं. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, सवय झाली की डोळे मिटून. शेवटचं फार क्षुल्लक वाटतं. करून बघा, घोटा कसा थरथरतो ते कळेल.

मग धाप. टोकियो ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येच्या प्रक्षेपणात खेळाडूंच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले होते. सपाट मैदानावर, सावकाश चालत आलेल्या, जगातल्या उत्तम खेळाडूंचे ठोकेसुद्धा नुसत्या ताणाने चढलेले दिसत. फील्डमध्ये या ताणावर चढणीची भर पडते. छाती भात्यासारखी हलत असताना साइटची टिकली निशाणावर टिकत नाही. इथे दोन गोष्टी कमवायच्या असतात. एक म्हणजे मुळात धाप कमी लागणं. ते आठवड्यातून तीन-चार वेळा, बोलता येईल अशा चालीने, तासभर चालण्या-पळण्याने साधतं. दुसरी म्हणजे लागलेली धाप लवकर उतरणं. तिच्यासाठी चढ हवा. जोरात चढायचं, वर थांबायचं, नाकाने श्वास घेत तो लांब सोडायचा आणि मिनिटभराने मनगटावरची नाडी मोजायची. महिन्याभरात आकडा खाली येतो. वहीत लिहून ठेवावा. वहीची सवय असलेला खेळाडू मला नेहमी पुढे गेलेला दिसला आहे.

यासाठी येऊरचा डांबरी चढ फारच चांगला. धनुष्य घरी ठेवायचं, फाटकाच्या वेळा पाळायच्या आणि अंधारात एकट्याने जायचं नाही. मुंब्रा देवीच्या पायऱ्या त्याहून कडक. पारसिकच्या डोंगरावरचं हे देऊळ लोकलमधून दिसतं. पायऱ्यांची उंची सारखी नाही आणि फील्डवाल्याला हवं असतं ते नेमकं हेच. कल्याणच्या लोकांना मलंगगड आहे, तिथे पायांबरोबर उताराची भीतीही मोडते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत-लांबत भार झेलतो आणि दुसऱ्या दिवशी तोच सर्वांत जास्त ठणकतो. चढणीचा सराव करून उतरताना रिक्षाने येणारे अर्धा सराव रिक्षात घालवतात. ज्यांना रविवारशिवाय डोंगर जमत नाही, त्यांच्यासाठी ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता पहाटे चालणाऱ्यांनी भरलेला असतो आणि डोंबिवली स्टेशनचे पूल तर रोजच्या वाटेवर. सरकता जिना सोडून पाठीवर सहा किलोची पिशवी घेऊन दोनदा चढ-उतार केला तरी आठवड्याचा हिशेब मोठा होतो. ठाण्यात भर पावसात वर्षा मॅरेथॉनला हजारो माणसं पळतात. या शहरांना कष्टाचं वावडं नाही.

शरीर आधी आणि धनुष्य नंतर, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण म्हणजे प्रवीण जाधव. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला आधी पळायला लावलं. पुरेसं खाणंच नव्हतं, त्यामुळे अंगात ताकद नव्हती. पुढे क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली आणि अमरावतीला तो धनुर्विद्येकडे वळला. तिथेही आधुनिक धनुष्याचा भार खांद्यांना पेलवेना आणि त्याला घरी पाठवण्याची वेळ आली होती. भुजबळ सरांनी शब्द टाकला, एक संधी मिळाली आणि तो टिकला. पुढे तो सैन्यात गेला, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या गाल्सान बझारझापोव्हला त्याने ६-० असं हरवलं. त्याच्या नेमाबद्दल कुणाला शंका नव्हती. प्रश्न होता तो खांद्याचा आणि खाण्याचा. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाऊंडची जागतिक अजिंक्यपदं एकाच दिवशी जिंकली. आदिती तेव्हा १७ वर्षांची होती आणि ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्यानंतर ठाणे-डोंबिवलीतही चौकशी वाढली. पण चौकशी असते ती ‘कुठलं धनुष्य घेऊ’ याची. स्पर्धेचं साहित्य लाखाच्या पुढे जातं आणि कर्ज काढून ते घेणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की, पहिले सहा महिने मुलाच्या पाठीवर खर्च करा. तो जवळजवळ शून्य आहे.

कारण पाठीच्या सरावाला सायकलची जुनी ट्यूब पुरते. डोंबिवलीतल्या एका घराच्या गॅलरीत नववीतली मुलगी तो कसा करते ते मी जवळ बसून पाहिलं. ट्यूबचा एक विळखा डाव्या अंगठ्याच्या खळगीत, दुसरं टोक उजव्या हाताच्या तीन बोटांत. डावा हात लांब, खांदा खाली, कानापासून दूर. खेचताना मनगट आणि दंड सैल, कोपर मात्र कुणी मागून ओढत असल्यासारखं सरकत जातं आणि उजव्या खांद्याची पाती कण्याकडे येते. हात हनुवटीखाली टेकला की ती मनात वीसपर्यंत मोजते, पण पाती थांबू देत नाही, केसाएवढी सरकवत ठेवते. मग सोडत नाही, तितक्याच सावकाश परत आणते. चाळीस सेकंद विश्रांती. आणि पुन्हा, आता उलट्या हाताने. हा उलटा हात बहुतेक जण टाळतात. एकाच बाजूने टनावारी ओढणाऱ्या माणसाची पाठ मग एका बाजूला भरते आणि तक्रारी सुरू होतात. आजी आतून म्हणाली, ‘‘अगं, जेवून घे आधी.’’ तर ही म्हणाली, ‘‘आजी, डावीकडचे पाच राहिलेत गं!’’

व्यायामशाळेत आरशासमोर दिसणारे छाती-दंडाचे स्नायू वाढवण्याकडे कल असतो. धनुर्धराचे कामाचे स्नायू आरशात दिसत नाहीत. खांद्याच्या पात्यांमधले, पात्याखालून बरगड्यांना धरणारे आणि खांद्याच्या वाटीत हाड जागेवर ठेवणारे चार लहान स्नायू, हीच त्याची खरी दौलत. जुन्या तालमीतलं मुद्गल फिरवणं या लहान स्नायूंना फार मानवतं. हलकं मुद्गल, सावकाश, पूर्ण वळण. कोपऱ्यात धूळ खात पडलेले मुद्गल पुन्हा उचलावेत असं मी मनापासून सांगेन. जोर काढताना वर आल्यावर पाठ किंचित आणखी वर ढकलली तर धनुष्य धरणारा हात पक्का होतो. आणि झेपणाऱ्यापेक्षा जड धनुष्य घाईने घेतलं तर काय होतं, तेही सांगायला हवं. खांदा वर उचलला जातो, हाडाच्या कमानीखालून जाणारा स्नायुबंध घासला जातो, आधी बाणागणिक टोचतं, मग रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सहा-सहा महिने खेळ बंद पडलेली तरुण मुलं आहेत. खेच दोन-दोन पौंडांनीच वाढवावी. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. धनुष्य फुटतं, माणूस जखमी होतो.

हवामानाचं आपल्याकडे वेगळं ओझं आहे. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात हात घसरायला लागतो. नुसतं पाणी पुरत नाही. मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा पातळ ताक बाटलीत हवं आणि तहान लागायच्या आधी दर दोन निशाणांनंतर घोटभर. भरपेट खाऊन चढलं तर झोप येते, उपाशी चढलं तर शेवटच्या सहा निशाणांवर हात थरथरतो. राजगिऱ्याचा लाडू, केळं, शेंगदाण्याची चिक्की, हे थोडं थोडं. आदल्या रात्री भात-आमटी आणि एखादं अंडं किंवा उसळ. यापलीकडे महागड्या डब्यांची गरज मला दिसलेली नाही.

अंतर ओळखणं हासुद्धा पायांचाच अभ्यास आहे. आपलं पाऊल किती सेंटीमीटरचं, हे आधी मोजून घ्यायचं. मग चालताना पुढचं झाड किंवा विजेचा खांब धरायचा, मनात आकडा म्हणायचा आणि पावलांनी पडताळायचा. सपाट रस्त्यावर लवकर जमतं. चढावर, सावलीत आणि मध्ये खड्डा असताना नजर फसते, म्हणून तिथे जास्त करायचं. येऊरच्या वाटेवर हा सराव पूर्णपणे करता येतो, त्याला कुठलंही कलम आड येत नाही.

राहता राहिला बाण. त्याची सोय मुरबाड, शहापूर, बदलापूरच्या बाजूला होऊ शकते. या भागात भाताच्या खाचरांच्या वर, डोंगराच्या उताराला वरकस जमीन असते. पावसाळ्यात तिच्यावर नाचणी-वरी निघते, पुढे ती बहुतेक पडून असते. मालकाची लेखी संमती, हद्द जंगलाची नाही याची खात्री, प्रत्येक निशाणामागे मातीचा उंच बांध किंवा डोंगराची भिंत, बाणाच्या रेषेत पायवाट नाही, गुरं चरत नाहीत, माणसांची ये-जा नाही, आणि मारणारे सगळे एकाच दिशेने पुढे सरकतात. एवढं पाळलं तर सहा निशाणं मांडायला एक सकाळ पुरते. २४ ची गरज नाही, सहांच्या चार फेऱ्या मारल्या की ७२ बाण होतात. दर फेरीला खुंट्या हलवल्या तर अंतरंही नवी मिळतात. जमिनीचं भाडं हंगामाचं ठरवावं, गावातल्या पोरांनाही खेळायला घ्यावं. त्यांचे पाय आपल्यापेक्षा आधीच तयार असतात. दिवाळीच्या आगेमागे भात कापून होतो, आणि तिथून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ही जमीन मोकळी असते.